मधली बारा वर्षे

आज दुपारी आना ल्यूरमान यांच्याविषयी वाचताना मी २००९ या सालापाशी थांबलो आणि अजून तिथून पुढे सरकलेलो नाही.

२००२ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ग्रीन पक्षाच्या ल्यूरमान जर्मनीच्या बुंडेस्टागमध्ये निवडून आल्या. तोवर तिथे इतके तरुण कोणीही पोहोचले नव्हते. (आपल्याकडे लोकसभेसाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात, हे वाचताना सारखे आठवत होते.) पुढे २००९ मध्ये, सात वर्षांच्या अनुभवानंतर, त्या संसदेतून बाहेर पडल्या.

त्यानंतर त्यांनी काय केले, तर अभ्यास. त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात, जगभरच्या लोकशाह्यांची स्थिती मोजणाऱ्या व्ही-डेम संस्थेत, लोकशाही हळूहळू कशी क्षीण होते यावर संशोधन केले. २०२१ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या आणि परराष्ट्र मंत्रालयात युरोपविषयक राज्यमंत्री झाल्या.

एकोणिसाव्या वर्षीच्या विजयाची बातमी होते. मला मात्र ज्या सभागृहात आपण बसलो, ते कशाने टिकते हे समजून घेण्यात गेलेली ही मधली वर्षे अधिक मोलाची वाटतात. राजकारणातून असे दूर जाऊन शिकून परतणाऱ्या किती जणांना आपण पुन्हा मत देऊ?