झिपरीचा दम: साडेतीन मिनिटांचे चाळीस सेकंद झाले

झिपरी माझी कुत्री. माणूस चालत गेलेल्या वाटेचा वास, म्हणजे माग, हुंगत त्याच्यापर्यंत पोचायला मी तिला शिकवतोय. मागच्या वेळी मोठ्या आनंदानं लिहिलं होतं की तिचा दम साडेतीन मिनिटांवर गेला. तो आकडा खोटा निघाला. मागाचा वास हरवल्यापासून ती मान वर करून माझ्याकडे बघेपर्यंतचा वेळ म्हणजे दम, हे माप बरोबरच आहे. चूक मोजणाऱ्याची झाली.

रविवारी सकाळी साडेसहाला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर होतो. दव भरपूर, वारा जवळजवळ नाही. माग सहाशे मीटर, चाळीस मिनिटं जुना, दोन वळणं. एरवी माग बायको टाकते आणि वळणं मला ठाऊक असतात. ती गावाला गेलेली, म्हणून शेजारच्या काकांनी टाकला. वळणं विचारायची राहूनच गेली. गिरिपुष्पाच्या झाडीतलं पहिलं वळण झिपरीनं नाक न उचलता घेतलं. दुसरं खाणीजवळच्या उघड्या मुरमावर होतं. तिथे वास हरवला. तिनं एक अर्धा फेरा मारला, माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली. चाळीस सेकंद!

कुसळ रुतलं असेल म्हणून चारही पंजे उलगडून पाहिले, काही नाही. पाणी पाजलं, पुन्हा लावली, पुन्हा बसली. मंगळवारीही तेच. मग मुरमाला दोष दिला, काकांच्या रबरी चपलांनाही दिला.

बुधवारी रात्री जुने व्हिडिओ हळू करून पाहिले. त्या साडेतीन मिनिटांच्या मागात ती चार वेळा अडखळते, आणि चारही वेळा माझा डावा पाय आधीच बरोबर दिशेला वळलेला असतो, तिला बांधलेली दोरी सैल पडलेली असते. ती पाय बघते आणि निघते. वास शोधण्याऐवजी मला विचारायचं, हे मीच तिला महिनोन्‌महिने शिकवत होतो. त्यात करवानी रक्त, म्हणजे डोळ्यांनी शिकार करणारी जात; तिच्या नजरेतून पाय सुटेल कसा?

अमेरिकेच्या दक्षिणेत रानडुकरांवर कुत्री सोडणाऱ्यांचं म्हणणं मला आत्ता नीट कळलं. ते धडक आणि दम वेगळे मोजतात. 'कॅच डॉग'ला डुकराला जाऊन धरण्याची धडक लागते. 'बे डॉग'नं अंतर राखून, भुंकत डुकराला एका जागी रोखायचं असतं. त्याच्यात धडक जास्त झाली तर सुळ्यांनी फाटतो. त्याचा दम कळतो तो मालक झाडीतून वाट काढत पोचेपर्यंत तो टिकतो का, यावरून. मालक तेव्हा कुत्र्याच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यावरून फक्त ठिपका बघत असतो. त्याचा पाय कुत्र्याला दिसतच नाही! आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यांची ही कसोटी माणसाच्या मागावरही लावता येते.

म्हणून माग आठशे मीटरवर नेण्याचा बेत रद्द. आता दीडशे मीटर, एकच वळण, आणि ते मला माहीत नसलेलं. गुरुवारी तसा पहिला माग केला. वास हरवला, तिनं माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे बघत उभा राहिलो. सत्तर सेकंदांनी ती स्वतःहून मागे फिरली, मोठा फेरा घेतला आणि शेपूट एकदम ताठ! काकांपाशी पोचली तेव्हा माझे डोळे भरून आले.

दोरीबद्दल: बोहरी आळीतून आणलेली दहा मीटरची सुती नवार हाताला फार छान, पण या दिवसांत कुसळांनी भरते आणि दवानं जड होते. सध्या बायोथेनच, म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेली पट्टीच वापरा, महाग असली तरी.

लिहिता लिहिता सुचलं, की आभाळाकडे बघूनही दोरीतून माझा हात तिला कळतच असणार. भाच्याला मागातलं काही कळत नाही, तेव्हा शनिवारी दोरी तोच धरेल आणि मी लांबून घड्याळ लावेन. काकांनी वळण कागदावर काढून खिशात ठेवायचं, मला दाखवायचं नाही, असं ठरलंय.