भिंतीतली पंधरा मीटर

2005 साली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गाळ्यात मी आणि धाकट्या भावाने दुकान थाटलं. गणपतीत मंडळांच्या साउंडची कामं, एरवी डिश आणि स्पीकर फिटिंग. घरात प्रोजेक्टर बसवायचं पहिलं काम दोन वर्षांनी मिळालं. तेव्हा चित्र नेणारी केबल म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या टोकांची कंपोनंट. वीस मीटर ओढली तरी चित्र थोडं मऊ पडायचं, पण दिसायचं. त्यामुळे लांबीची धास्ती आम्हाला कधी वाटलीच नाही, आणि हीच सवय पुढे नडली.

2012 मध्ये इचलकरंजीच्या एका बंगल्यात आम्ही पंधरा मीटरची जाड तांब्याची एचडीएमआय केबल, म्हणजे चित्र आणि आवाज डिजिटल रूपात एकत्र नेणारी तार, छतातून नेली आणि वरून पीओपी बंद करून घेतलं. पाइप घातला नाही. फुल एचडी चित्र सुरेख आलं, मालक खूश झाले. सहा वर्षांनी त्यांनी फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारीक चित्र देणारा प्रोजेक्टर घेतला. ब्लू-रेवरचा सिनेमा व्यवस्थित लागला, पण इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारा स्ट्रीमिंग बॉक्स जोडला की पडदा काळा. मध्येच चित्र आलं तरी त्यावर पांढरे ठिपके चमकायचे. दोन दिवस आम्ही प्रोजेक्टरलाच दोष देत बसलो. शेवटी भावाने बॉक्सच्या सेटिंगमध्ये सेकंदाला 60 फ्रेमच्या (चित्रांच्या) जागी 30 केल्या आणि चित्र स्थिर झालं.

दोष केबलचा होता. 60 फ्रेमच्या फुल एचडीला केबलमधून सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट डेटा जावा लागतो. फोर-के सिनेमा 24 फ्रेमचा, त्याला सुमारे नऊ. बॉक्स 60 फ्रेम पाठवत होता, म्हणजे जवळजवळ अठरा. वेग वाढेल तसा तांब्यातून जाताना सिग्नल जास्त क्षीण होतो, आणि डिजिटल चित्र कंपोनंटसारखं हळूहळू मऊ पडत नाही. आधी ठिपके, मग थेट अंधार. 2012 मध्ये ती केबल चांगलीच होती. आम्ही मात्र ती कायमची असल्यासारखी गाडून टाकली होती. छत फोडलं, नवी केबल टाकली, पीओपी आणि रंग करून दिला. खर्च आम्ही सोसला. तो आमचाच होता. तेच गृहस्थ पुढे आमच्याकडे दोन गिऱ्हाइकं घेऊन आले.

तेव्हापासून प्रोजेक्टर कुठला घ्यायचा हे ठरण्याआधी आम्ही पाइपचं बोलतो. नेहमीचा 25 मिलिमीटरचा पाइप पुरत नाही, कारण एचडीएमआयचा प्लगच आवरणासकट साधारण वीस मिलिमीटर रुंद असतो आणि पहिल्याच वळणावर अडकतो. आम्ही 40 चा घालतो, एल्बोऐवजी लांब बेंड वापरतो. माप सुतळीने घेतो. गिऱ्हाईक सांगतं आठ मीटर, पण भिंत चढून, छतातून फिरून, प्रोजेक्टरपर्यंत उतरेस्तोवर तेरा-चौदा होतात. पाच मीटरपर्यंत प्रमाणित तांब्याची केबल. त्यापुढे फोर-के हवं असेल तर ऑप्टिकल. तिच्यात काचेचे तंतू असतात, म्हणून लांबीने सिग्नल फारसा दमत नाही. मात्र ती तीव्र वाकवायची नाही, आणि तिला दिशा असते. एक टोक बॉक्सकडे, दुसरं प्रोजेक्टरकडे. आमच्या एका पोराने ती उलटी ओढली होती; अख्खी दुपार काढून पुन्हा घालण्यात गेली. आता प्रोजेक्टरकडच्या टोकाला आधी लाल टेप लागते, मग केबल पाइपात जाते.

पाइपात घालण्यापूर्वी केबल जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं जोडून, फोर-के 60 वर रात्रभर चालवून पाहतो. सोबत एक कॅट-सिक्स, म्हणजे इंटरनेटसाठी वापरतात ती नेटवर्क केबलही टाकतो. पुढे कधी एचडीएमआय बाद झाली तर कॅट-सिक्सच्या दोन्ही टोकांना सिग्नल बदलणारे डबे लावून तिच्यावरून चित्र नेता येतं. काही मिस्त्री कुरकुर करतात की एवढी तयारी कशाला. मी त्यांना इचलकरंजीचं छत सांगतो.

सध्या गडहिंग्लजला एका घराचं काम चालू आहे. प्रोजेक्टर अजून घेतलेला नाही, सोफ्याची जागाही ठरलेली नाही. पाइप मात्र बसलेत, आत ओढायची नायलॉनची दोरी आहे, आणि गिलाव्याचा माल आत जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांत चिंध्या कोंबून ठेवल्या आहेत.