शिकोकूची वाट: हिवासा ते मुरोतो

जपानच्या शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी देवळांच्या परिक्रमेला मी पायी निघाले होते. पहिल्या अकरा देवळांत भाषेची गरजच पडली नाही. योशिनो नदीच्या खोऱ्यात ती देवळं जवळजवळ आहेत आणि सगळीकडे करायचं तेच. कमानीत वाकायचं, हात धुवायचे, मेणबत्ती, उदबत्ती, आपल्या नावाची पांढरी चिठ्ठी पेटीत, मग मुख्य देवापुढे हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र आणि तेच पुन्हा कोबो दाइशींच्या देवळापुढे. दाइशी म्हणजे ज्यांच्या नावानं ही परिक्रमा चालते ते बौद्ध आचार्य. खिडकीशी वही सरकवली की आतला माणूस ब्रशने देवाचं नाव लिहितो, तांबडे शिक्के उठवतो, शाई पसरू नये म्हणून मध्ये कागद घालतो आणि दोन्ही हातांनी वही परत देतो. 2024 पासून त्याचे 500 येन. आपण वाकायचं, त्यानं वाकायचं, झालं.

सूत्र मी देवनागरीत उतरवून नेलं होतं. रोमन अक्षरांत वाचताना जीभ अडखळते, आपल्या लिपीत ते सरळ म्हणता येतं. शेवटी 'ग्यातेइ ग्यातेइ' आलं की ते संस्कृत 'गते गते' आहे हे ठाऊक असूनही दर देवळात घसा दाटून यायचा. दाइशी 804 साली समुद्र ओलांडून चीनला गेले आणि तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकले. बाराशे वर्षांनंतर ते शब्द मी त्यांच्या दारात म्हणत होते, शेजारच्या बसयात्रेतल्या बायका म्हणत होत्या, आणि आमचा सूर एकदाही चुकला नाही.

बाराव्या शोसान्जीच्या चढाबद्दल सगळेच लिहितात. चढले.

प्रश्न आला तो वाटेवर. माझी सगळी भिस्त इंग्रजीवर. टोकियोत, ओसाकात तिच्यावर निभावलं. शिकोकूवरच्या तोकुशिमाच्या खेड्यात कुणाला इंग्रजीत पत्ता विचारला, की तो माणूस एक पाऊल मागे सरायचा, चेहऱ्यासमोर हात हलवायचा, आणि कुणी मदतीला येतंय का म्हणून इकडेतिकडे बघायचा. ते शाळेत इंग्रजी शिकलेले असतात, लिहिलेलं बऱ्यापैकी वाचतात, पण बोलायची वेळ आली की आपण यात्रेकरूला उपयोगी पडलो नाही याचं त्यांना इतकं वाईट वाटतं की माझंच मन खाऊ लागायचं. म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायला लागले. एक देवळाचा आकडा, एक बाण, एक प्रश्नचिन्ह. तेवढ्यावर लोक फर्लांगभर सोबत येऊन वळण दाखवायचे. कुणी नसेल तिथे दगड असतात. नाकात्सुकासा मोहेइ नावाच्या माणसानं ही परिक्रमा दोनशेहून जास्त वेळा केली आणि वाटेवर खुणेचे दगड उभे केले. त्यांतल्या कितीतरी दगडांवर बोट दाखवणारा हात कोरलेला आहे. तो हात दिसला की मी त्यालाही नमस्कार करायची.

एका सकाळी अस्खलित इंग्रजी बोलणारे एक निवृत्त गृहस्थ सोबतीला लागले. त्यांना सराव करायचा होता, मला हरिपाठ म्हणायचा होता. भारताची लोकसंख्या, क्रिकेट, माझे पगाराचे दिवस, सगळं विचारून झालं. डोकं उठलं होतं. मग एका पुलावर त्यांनी माझी काठी हळूच उचलून धरली आणि म्हणाले, पुलावर काठी टेकवायची नाही, दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते, अजून झोपलेले असतील तर जाग येईल. त्यानंतर पुलापुलावर आम्ही दोघं काठ्या उचलून गप्प चाललो. वळणावर ते थांबले आणि मी दिसेनाशी होईपर्यंत वाकून उभे राहिले.

हिवासाचं याकुओजी हे तेविसावं देऊळ. पुढचं चोविसावं मुरोतोच्या टोकावर, सुमारे 75 किलोमीटर, आणि मध्ये अठ्ठ्याऐंशींतलं एकही देऊळ नाही. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला डोंगर, मध्ये डांबर आणि ट्रक. आषाढीच्या वारीत इतकं अंतर कळतसुद्धा नाही. पुढे विणेकरी, मागे तुळशीवाल्या बाया, अभंग संपायच्या आत गाव येतं. इथे दुपारभर मी एकटी. टाचेला आधी चुरचुर, मग फोड, मग तो फुटला. मोज्याला रक्त लागलं. काय म्हणून आलो इथे, असं मनात आलं, आणि पांडुरंगाचाही राग आला.

रस्त्याकडेला यात्रेकरूंसाठी बांधलेली एक शेड होती. बाकावर बसून बूट काढत होते, तेवढ्यात समोरच्या घरातून एक आजी ढकलगाडी धरून रस्ता ओलांडून आल्या. कमरेतून पार वाकलेल्या, डोक्याला फडकं. बोलायला लागल्या त्या थांबेचनात. मी फोन पुढे केला. त्यांची बोली तोसाकडची, म्हणजे शिकोकूवरच्या कोचीच्या बाजूची, फोनला ती कुठली कळायला? पडद्यावर जे इंग्रजी उमटलं त्याला शेंडा ना बुडखा. मी इंग्रजीत 'सॉरी' म्हटलं, तर त्यांनीही तोच हात चेहऱ्यासमोर हलवला आणि मागे सरल्या.

मला इतकं दुखत होतं की फोन पिशवीत टाकला आणि तोंडातून निघून गेलं, "आजी, टाच फुटली हो. चालवत नाही आता."

त्या पुढे आल्या. त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, त्यात 'ओहेन्रो-सान' एवढंच मला कळलं. आपल्याकडे वाटेवर जो भेटेल तो माउली, तसं तिथे चालणाऱ्याला लोक हाक मारतात. मी मराठीत सांगत राहिले, कुठून निघाले, कुठे जायचंय, घरी कोण कोण आहे. त्या मधूनमधून हुंकार भरत होत्या आणि त्यांच्या भाषेत उत्तरं देत होत्या. मी इंग्रजी बोलत होते तोवर आम्ही दोघी अवघडलो होतो. आता दोघी आपापल्या घरातल्यासारख्या बोलत होतो.

घरात जाऊन त्यांनी पाण्याचं घमेलं आणलं, कापूस, लाल औषध, आणि सुईदोरा. सुईदोरा बघून मला रडू फुटलं. आमच्या दिंडीतल्या बाया फोडाला हेच करतात. सुई आरपार काढायची, दोरा आत ठेवायचा, पाणी झिरपून जातं. पण त्यांनी आधी माझी काठी घेतली. काठीचं खालचं टोक घमेल्यात धुतलं, फडक्यानं पुसलं, बाकाला नीट टेकवून उभी केली. काठी म्हणजे दाइशी, त्यांचे पाय आधी. मग माझे.

पाय त्यांनी मांडीवर घेतला. आईच्या वयाची बाई, मी पाय ओढून घेतला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली आणि परत घेतला. फुटलेल्या टाचेला औषध लावून कापूस बांधला. दुसऱ्या पायाला करंगळीखाली एक फोड भरत होता, तो मला माहीतच नव्हता. तो त्यांनी बोटानं चाचपडून शोधला, सुई घातली, दोऱ्याची दोन्ही टोकं बोटभर बाहेर ठेवून कापली. वाकून फुंकर घालत होत्या. मध्येच समुद्राकडे बोट दाखवून बराच वेळ काही सांगितलं, आवाज बारीक झाला. मी "हो आजी" म्हणत राहिले. नवरा असेल, मुलगा असेल, नुसतं वादळही असेल.

निघताना त्यांनी दोन बुंतान दिली, तोसाची पपनसं, एकेक नारळाएवढं. ओसेत्ताइ, म्हणजे यात्रेकरूला दिलेलं दान, नाकारायचं नसतं हे ठाऊक होतं, पण त्या टाचेनिशी तेवढं ओझं! मनात चिडले आणि पिशवीत भरली. पांढऱ्या चिठ्ठीवर माझं नाव-गाव देवनागरीत लिहून दिलं. त्यांनी ती कपाळाला लावली. मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्या गोंधळल्या, मग त्याही वाकल्या, आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. दोघी खूप हसलो.

त्या रात्रीच्या मुक्कामी पुन्हा पोटाचा प्रश्न. मी माळकरी. पुण्यात जपानी शिकणाऱ्या एका मुलीकडून कार्ड लिहून नेलं होतं, मांस नाही, मासे नाहीत, माशाचं पाणीही नाही. मालकीणबाईंनी ते दोनदा वाचलं आणि मान डोलावली. ताटात मासा नव्हता, पण मिसोच्या सुपाला कात्सुओ माशाचा वास. दिवसभराच्या चालीनंतर तो वाडगा झाकून ठेवताना हात थरथरत होता. भात, तोफू, आंबट उमेबोशी एवढ्यावर उठले. मनात फार राग होता, बोलले नाही. आवरताना त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं आणि तडक फोनकडे गेल्या. पुढच्या मुक्कामाचं बुकिंग माझ्यासाठी त्याच करत होत्या. बराच वेळ बोलल्या. 'इंदो', म्हणजे भारत, हा शब्द दोनदा ऐकू आला.

मुरोतोला पाऊस होता. दाइशींनी तरुणपणी तप केलं ती गुहा बघितली, शिक्का घेतला.

संध्याकाळी दुसऱ्या घरी पोचले. काठी धुऊन झाल्यावर तिथल्या बाई जेवणाआधी एक बशी घेऊन आल्या. बशीत कोम्बू या समुद्री शेवाळाचा वाळका तुकडा आणि दोन वाळकी शिइताके, म्हणजे अळंबी. त्यांनी आधी बशीकडे बोट केलं, मग सुपाच्या पातेल्याकडे, मग माझ्या माळेकडे. तो कोम्बूचा तुकडा मी हातात घेऊन बघितला, खारट वास, वर पांढरी भुकटी. सूप दोन वाडगे प्यायले. बुंतान पिशवीतून काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी जाड साल सोलली, फोडींवरचं पातळ कातडं एकेक करून काढलं, आणि पंगतीतल्या सगळ्यांना वाटली.

त्यानंतर कोचीपर्यंत ते कार्ड मला काढावं लागलं नाही. मी पोचायच्या आधी निरोप पोचलेला असायचा.