व्हिडिओ पाहून प्रोग्रामिंग येतं का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, तुम्ही पायथन व्हिडिओ पाहूनच शिकल्या ना? खरंच येतं का तसं?"

पायथन म्हणजे संगणकाला कामं सांगायची एक भाषा, आणि हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, जिन्यात थांबवून विचारतात, फोनवर तर तब्येतीच्या आधी विचारतात. बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. ज्यांना मुलासाठी कोर्स घ्यायचा आहे त्यांना 'हो' ऐकायचं असतं. ज्यांच्या मुलानं चार वर्षं इंजिनीअरिंग केलं त्यांना 'नाही' ऐकायचं असतं, कारण नागपूरच्या इतवारीत मसाल्याच्या ठोक दुकानात हिशेब पाहणारी बाई मोबाइलवर तेच शिकली हे त्यांच्या पचनी पडत नाही. मीही आजवर समोरचा माणूस पाहून एका वाक्यात उत्तर देत आले. त्याचा आता खरंच कंटाळा आला आहे, म्हणून एकदा सगळं लिहिते.

पहिली गोष्ट, व्हिडिओ ही माझी आवड नव्हती. आधी सीताबर्डीतल्या दोन-तीन क्लासेसमध्ये जाऊन आले. त्यांच्या बॅच संध्याकाळी सहा ते आठ. त्या वेळी दुकानात दिवसाचा हिशेब मिळवणं चालू असतं, आणि त्यानंतर घरचा स्वयंपाक. एका ठिकाणी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही एमएस-सीआयटी करून घ्या ना, तुम्हाला सोपं जाईल." मी तेव्हा कित्येक वर्षं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. तिच्यावर राग नाही. माझ्या वयाची बाई कोडिंगची चौकशी करायला आलेली तिनं पाहिलीच नसेल. पण व्हिडिओला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं ऐकून घ्यावं, की मला दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नाही. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट स्वस्त झालं, आणि रात्री भांडी आवरल्यावर, कूलरच्या घरघरीत कानात इअरफोन घालून बसले की मला मास्तर मिळू लागले.

सुरुवात आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलनं केली. छोटे छोटे भाग, कितीतरी मराठी आवाजात. त्यांची पद्धत अशी की अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्या स्क्रीनवर तुमचं काम. ते करतील ते थांबवून तिथंच करून पाहायचं. ही पद्धत मला आजही सगळ्यांत प्रामाणिक वाटते. पण तिला संगणक लागतो, आणि सुरुवातीला माझ्याकडे फक्त मोबाइल होता. पुढे एक लांबलचक इंग्रजी कोर्स लावला. रात्री पाहायचं, वहीत उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या संगणकावर टाइप करायचं.

आता पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची रिकामी जागा हा व्याकरणाचाच भाग आहे. दुसऱ्या भाषांत जिथे महिरपी कंस लागतात तिथे इथे ओळ आत सरकवतात, बहुधा चार स्पेस. मास्तरांनी चारदा स्पेसबार दाबला की एकदा टॅब, हे व्हिडिओत दिसत नाही. वहीत तर उतरतच नाही. त्यांचा एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम, टॅबच्या जागी आपोआप स्पेस घालत असे. मी साध्या नोटपॅडमध्ये लिहीत होते, काही ओळींना टॅब, काहींना स्पेस दाबून दाबून सारखं केलेलं. डोळ्यांना सगळ्या ओळी एका रेषेत, आणि पायथन म्हणतो टॅब एरर. अख्खी सुट्टी त्यात जायची, डबा तसाच राहायचा.

व्हिडिओतल्या मास्तरांचं कोड पहिल्याच फटक्यात चालतं. जिथे अडलं असेल ते कापून टाकलेलं असतं. मला तर ते कापलेलंच हवं होतं. चूक सांगणारी लाल अक्षरांतली ओळ कशी वाचायची, आधी कुठे पाहायचं, माणूस अडकतो तेव्हा हात कुठे जातो, हे मला कुणी दाखवलं नाही. तरीही कोर्स संपला, प्रमाणपत्र आलं, आणि मी वहिनीला ठासून सांगितलं की क्लासवाले उगाच पैसे घेतात, व्हिडिओत सगळं आहे. त्या वेळच्या मला आज खोटं पाडायची माझी इच्छा नाही. तिनं जे मिळवलं होतं ते खरं होतं. पण पुढे काय झालं ते तिला माहीत नव्हतं, आणि ते मी घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

माझा पहिला खरा प्रोग्राम दुकानासाठीच होता. उमरेड, काटोल, सावनेरकडचे किराणावाले आमच्याकडून हळद, मिरची, धने नेतात. पैसे बँकेत येतात, बरेचदा नाव अर्धवट आणि रक्कम तेवढी स्पष्ट. मुनीमजी आणि मी रोज संध्याकाळी स्टेटमेंट आणि बिलं समोरासमोर धरून एकेक टिक करायचो. माझा प्रोग्राम बिलाची मूळ रक्कम घ्यायचा, तिच्यावर ५ टक्के जीएसटी चढवायचा, पायथनच्या 'राउंड' या आज्ञेनं पूर्ण रुपयात आणायचा आणि ती रक्कम स्टेटमेंटमध्ये शोधायचा. सुरुवातीचे दिवस सगळं सुरळीत. तासाभराचं काम चहा होईपर्यंत संपायचं. शेठजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, मॅडमनं बनवलं.

मग काही बिलं जुळेनात. बिल आहे, पैसे आलेले आहेत, आणि प्रोग्राम म्हणतो येणं बाकी. त्या यादीवरून दुकानातल्या पोऱ्यानं उमरेडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला तगाद्याचा फोन केला. हा माणूस शेठजींच्या वडिलांपासून आमच्याकडून माल नेतो. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. गादीसमोर उभा राहिला, पैसे टाकल्याची मोबाइलवरची पावती पुढे केली आणि म्हणाला, "आता आमच्यावर भरोसा नाही राहिला काय?"

शेठजींनी त्याला बसवलं, थंड मागवलं. ओरडले नाहीत. तो निघून गेल्यावर माझ्याकडे वळले. ट्रान्सपोर्टवाला बिल्टी घेऊन उभा होता, हमाल पोती उतरवत होते, मुनीमजी शेजारीच. त्या सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, मोबाइल पे देख के कोई हिसाब सीखता है क्या?"

मला हिशेब मोबाइलनं शिकवला नव्हता. हिशेब मी बी.कॉम.ला शिकले, त्याच दुकानात वर्षानुवर्षं करत आले, त्यांच्या ऑडिटच्या वेळी रात्री नऊ-नऊपर्यंत थांबले. ते सगळं त्या एका वाक्यात पुसलं गेलं. आणि मला तोंड उघडता येईना, कारण बिल समोर होतं. मूळ रक्कम ८,०५० रुपये, कर ४०२ रुपये ५० पैसे, एकूण ८,४५२.५०. टॅलीचं बिल ८,४५३चं, गिऱ्हाइकानं भरले ८,४५३. माझा प्रोग्राम ८,४५२ शोधत होता.

"पन्नास पैसे वर जातात, एवढं नाही सांगत काय तुमच्या व्हिडिओत?" मुनीमजींनी विचारलं. त्यांचा सूर वाईट नव्हता, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० हेच सांगतं की पन्नास पैसे किंवा त्याहून जास्त असले तर पुढचा रुपया, कमी असले तर सोडून द्यायचे. मुनीमजींच्या बोटांत हा नियम कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

रात्री भाच्यानं दिलेला जुना लॅपटॉप उघडून बसले. मला छळत होतं ते त्याच यादीतलं दुसरं बिल. मूळ रक्कम ८,०७०, करासह ८,४७३.५०, आणि प्रोग्रामनं बरोबर ८,४७४ धरलेले. तिथेही पन्नासच पैसे. मग एक वर आणि एक खाली कसं? राउंडला एकेक आकडा देत गेले. अर्धा दिला, शून्य आला. दीड दिला, दोन. अडीच दिला, पुन्हा दोन. साडेतीन दिले, चार. साडेचार दिले, तरी चार. वहीत एकाखाली एक मांडल्यावर दिसलं की अर्ध्यावर अडलेला आकडा दर वेळी समसंख्येकडेच जातो आहे.

मग पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडलं. व्हिडिओ असताना वाचायचं कशाला, म्हणून तिकडे मी कधी फिरकलेच नव्हते. तिथे ते सरळ लिहिलेलं होतं, दोन्ही बाजू सारख्या अंतरावर असतील तर सम बाजू. कारणही पुढे वाचलं आणि पटलं. सगळेच अर्धे वर ढकलले तर हजारो आकड्यांची बेरीज फुगत जाते, काही वर आणि काही खाली गेले की ती जागेवर राहते. पद्धत चांगली, पण आमच्या बिलाला कायदा वेगळा.

आणि माझा कोर्स? तो धडा पुन्हा लावला. मास्तरांनी राउंडला अडीच दिले आणि त्यांच्या स्क्रीनवर तीन आले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचं पायथन २ होतं, दुकानाच्या संगणकावर पायथन ३. पायथन ३ डिसेंबर २००८मध्ये आलं आणि त्यात राउंडची वागणूक बदलली. जुन्याची देखभाल १ जानेवारी २०२०ला थांबली, पण त्यावरचे व्हिडिओ कोण थांबवणार? पुस्तकावर आवृत्ती छापलेली असते, ते पिवळं पडतं. व्हिडिओतले मास्तर कायम तितकेच तरुण आणि तितक्याच खात्रीनं बोलत राहतात. स्क्रीनवर काही दाखवायच्या 'प्रिंट' या आज्ञेला कंस लागतो हा फरक मला अगदी सुरुवातीला कळला होता, कारण कंस नसेल तर पायथन ३ तिथंच अडवतं. राउंडनं अडवलं नाही. त्यानं मुकाट्यानं वेगळा आकडा दिला आणि उमरेडला फोन गेला.

दुरुस्ती लहानशीच. पैशांसाठी पायथनमधलं 'डेसिमल' हे दशांश हिशेबाचं साधन वापरायचं आणि त्याला 'राउंड हाफ अप' असं स्पष्ट सांगायचं, कारण न सांगितलं तर तेही समसंख्येकडेच जातं. दुसऱ्या दिवशी शेठजींना अडीचचं उदाहरण करून दाखवलं. त्यांनी पाहिलं, "ठीक है, देख लो" म्हणाले आणि फोन घेतला. आदल्या दिवशी जे सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोर मागे घेतलं नाही. मुनीमजी अजूनही माझी यादी कॅल्क्युलेटरवर तपासतात.

तर व्हिडिओनं दगा दिला का? भाचा इंजिनीअर आहे, पुण्यात नोकरीला. त्याला अडीचचं विचारलं तर तो म्हणाला, "तीन ना मावशी." त्याच्या कॉलेजातही हे कुणी सांगितलं नव्हतं. बराच काळ हेच माझं उत्तर होतं, की चार वर्षं वर्गात बसलेल्यालाही येत नाही, मग मलाच का बोलता? पण हे उत्तर पुरत नाही हे मला कळतं. भाच्याचं अडलं की तो शेजारच्या खुर्चीतल्याला विचारतो, आणि त्याचं कोड दुकानात लागायच्या आधी दुसरं कुणीतरी वाचतं. माझं कोड वाचणारं कुणीही नव्हतं. ते पहिल्यांदा तपासलं ते गिऱ्हाइकानं.

उलट बाजूही आहे. फंक्शन म्हणजे काय ते मला लवकर समजत नव्हतं. तेच वाक्य हवं तितक्यांदा मागे नेऊन ऐकलं, गती कमी करून ऐकलं. वर्गात वीस-बावीस वर्षांच्या पोट्ट्यांमध्ये दुसऱ्यांदा "सर, नाही समजलं" म्हणायला माझी जीभ उचलली नसती. पहिल्या महिन्यातच सोडून दिलं असतं, आणि आज तुम्ही मला हा प्रश्न विचारला नसता.

कोणता कोर्स, हेही विचारताच, तर घ्या. मराठीतून सुरुवात करायची असेल तर स्पोकन ट्युटोरियल पाहा. शिस्त हवी असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी उपक्रमावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पायथनचे कोर्स आहेत. ते फुकट पाहता येतात, दर आठवड्याला गृहपाठ असतो, आणि प्रमाणपत्र हवं असेल तर फी भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. मास्तर प्रिंटला कंस लावत नसतील तर तो व्हिडिओ तिथंच बंद करा. कोर्सच्या आधी संगणक घ्या, जुना चालेल, पण नुसत्या मोबाइलवर मुलाला बसवू नका. आणि आठवड्यातून एकदा तरी त्याचं कोड पाहील असं कुणीतरी शोधा, शेजारच्या गल्लीतलं का असेना. मला असं माणूस मिळालं नाही, आणि ते नसताना काय होतं ते वर लिहिलंच आहे.

नोकरी मिळते का, याचं उत्तर माझ्याकडून घेऊ नका. मी अजून त्याच दुकानात आहे. आता टूबीशी, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर दिसणाऱ्या आमच्या खरेदीच्या यादीशी, खरेदीची बिलं ताडायचा प्रोग्राम लिहिते आहे, त्यासाठी पुन्हा एक व्हिडिओ कोर्स लावला आहे. नागपूरच्याच मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीची जाहिरात भाच्यानं पाठवली होती, पाठोपाठ फोनही केला. "मावशी, काहून नाही भरत तू?" म्हणाला. फॉर्ममध्ये 'कुठून शिकलात' असा रकाना होता. त्यात काय लिहायचं यावर आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.