तुम्ही विचारलंत म्हणून: अलिबागला बघायचं काय?

'बीच सोडून अलिबागला बघण्यासारखं काय आहे हो?' या प्रश्नाला मी कान्होजी आंग्र्यांची समाधी सांगतो. विजेच्या ट्रामचा त्रास नको म्हणून १९०४ मध्ये मुंबईहून इथं हलवलेली चुंबकीय वेधशाळा सांगतो. वेळ असेल तर कोर्लईला जा म्हणतो, तिथं अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली कानावर पडते. कुलाबा किल्ला मात्र गाळतो. समोर पाण्यात दिसतोय तरी गाळतो. मग विचारणारा म्हणतो, 'आणि तो?'

तो दाखवायला मी मावशीला नेलं होतं. चतुर्थी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे भरती तीनला, ओहोटी नवाला. हे गणित मला लहानपणापासून पाठ. साडेआठला आम्ही ओल्या वाळूतून आरामात चालत गेलो. मावशी तटापाशीच रमली. चुन्याशिवाय एकावर एक रचलेले ते प्रचंड चिरे. फटींतून पाणी आत शिरतं, लाटेचा जोर तिथंच मरतो. तिनं एका फटीत अख्खा हात घातला, कोपरापर्यंत. मग १७५९ चं सिद्धिविनायकाचं देऊळ, पुष्करणी, चाकांवरच्या इंग्रजी तोफा. मी आंग्र्यांचं आरमार सांगत सुटलो. ऐकणारं माणूस मिळालं की माझं असंच होतं.

बाहेर आलो तेव्हा पावणेबारा. थांबलो असतो तर होडी मिळाली असती. मावशी म्हणालीही, 'थांबूया का रे?' मी म्हणालो, 'गुडघाभर तर आहे, मी इथलाच आहे ना!' मध्यावर पाणी मांडीपर्यंत आलं, शेवाळलेल्या खडकावरून तिचा पाय सटकला. मनगट मोडलं. चप्पल वाहत गेली, ती तिला शेवटपर्यंत दिसत होती.

गणित चुकलं नव्हतं. एवढंच मी बरीच वर्षं सांगत आलो, जणू त्यानं काही सिद्ध होतं.

तर जा किल्ल्यावर. नाहीतर राहू दे. मला विचारू नका, असंही म्हणवत नाही, कारण तसा तट मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मावशीचं मनगट थंडीत अजून ठणकतं आणि फोनवर ती अजून विचारते, 'त्या भिंतीतलं पाणी बाहेर कुठून जातं रे? ते सांगायचं राहिलं तुझं.'