लेओन ते आस्तोर्गा, गाउदीच्या वाटेने

स्पेनचा वास्तुकार आंतोनी गाउदी म्हटलं की बार्सिलोना, हे इतकं पक्कं बसलंय की त्याच्या तीन इमारती बार्सिलोनाच्या कॅटलोनिया प्रांताबाहेर आहेत हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्यातली एक उत्तरेला समुद्राजवळ कोमियासला. उरलेल्या दोन थेट सांतियागोच्या वाटेवर, म्हणजे कामिनो या जुन्या ख्रिस्ती पायी यात्रेच्या मार्गावर आहेत, एक लेओनला आणि एक आस्तोर्गाला. मध्ये जेमतेम पन्नास किलोमीटरची चाल. मी आणि माझी मावसबहीण कामिनोचा हा टप्पा चाललो, तेव्हा वाटेवरची चर्चं तिच्या वाट्याला आणि गाउदी माझ्या, अशी आमची वाटणी झाली होती.

लेओनमध्ये बहुतेक यात्रेकरू थांबतात ते कॅथीड्रलच्या रंगीत काचांसाठी. तिथून थोडंसं चाललं की कासा बोतिनेस. चार कोपऱ्यांवर टोकदार बुरूज, वर काळ्या पाटीच्या दगडाचं उतरतं छप्पर.
"अगं, ही तर बँक वाटतेय!" बहीण म्हणाली.
बरीच वर्षं होतीही बँकच. आता संग्रहालय आहे. पण बांधली ती कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी, १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला. खाली दुकान आणि गोदाम, वर राहायची घरं. तळमजल्यावर भिंतींऐवजी बिडाचे खांब घेतले, म्हणून दुकानाला सलग मोकळी जागा मिळाली. गाव मात्र धास्तावलं होतं. पाया असा घातलाय म्हणजे ही पडणारच, असं तिथले जाणकार छातीठोक सांगत. त्यावर गाउदीने म्हणे त्यांना निरोप धाडला की तुमचं म्हणणं लेखी द्या, इमारत पूर्ण झाली की तेच चौकटीत घालून दर्शनी भागात लावतो. किस्सा खरा की रचलेला, देव जाणे. इमारत उभी आहे. दारावर सेंट जॉर्ज ड्रॅगनला भाला खुपसतोय. १९५०च्या सुमारास डागडुजीसाठी हा पुतळा उतरवला, तर आत शिशाच्या नळीत गाउदीचे मूळ नकाशे निघाले.

लेओन सोडल्यावरचा रस्ता, खरं सांगायचं तर, कंटाळवाणा आहे. उपनगरं, गोदामं, मग सपाट पठारावर हमरस्त्याच्या कडेकडेने चालत राहायचं. दगडांवर, खांबांवर पिवळे बाण. आळंदी ते पंढरपूर चाललेल्या माणसाला इथली शांतता सुरुवातीला अंगावर येते. ना टाळ, ना दिंडी, ना पुढच्या वळणावर चहा घेऊन उभं असलेलं गाव. समोरून कुणी आलं की "बुएन कामिनो", म्हणजे वाट सुखाची होवो, म्हणायचं, की पुन्हा आपण आणि आपले बूट. बहीण मनातल्या मनात हरिपाठ म्हणत होती, ओठ हलताना दिसत होते.

अशा रस्त्यावर गाउदीच्या पायांचा विचार येतो. लहानपणापासून त्याला संधिवात. रेउसच्या तांबटाचा हा मुलगा दुखण्यामुळे शाळेतल्या पोरांबरोबर खेळू शकत नसे. मोठेपणी मात्र रोज लांब पायी फिरायचा. ७ जून १९२६ च्या संध्याकाळी असाच पायी प्रार्थनेला निघालेला असताना त्याला ट्रामने उडवलं. जुनेपाने कपडे पाहून लोकांना तो भिकारी वाटला. तीन दिवसांनी तो गेला. सग्रादा फमिलिया या बार्सिलोनातल्या प्रचंड चर्चचं काम त्याने १८८३ मध्ये हाती घेतलं होतं, आणि शेवटची दहा-बारा वर्षं दुसरं कुठलंही काम घेतलं नव्हतं.

मुक्काम वाटेतल्या ओर्बिगो गावी. तिथला लांबलचक जुना दगडी पूल पाहून बहिणीचा दिवस सार्थकी लागला. दुसऱ्या दिवशी सांतो तोरिबियोच्या क्रूसापाशी पोचलो की खाली आस्तोर्गा दिसतं. कॅथीड्रलचे बुरूज, आणि शेजारी करड्या-पांढऱ्या ग्रॅनाइटचा बिशपचा वाडा.

जुना वाडा १८८६ मध्ये जळाला. तेव्हाचे बिशप जोआन बाप्तिस्ता ग्राऊ हे रेउसचेच, गाउदीच्या गावचे. त्यांनी त्याला बोलावलं. हा बार्सिलोनात दुसऱ्या कामात अडकलेला, म्हणून जागेचे फोटो आणि माहिती मागवली आणि तिथे बसूनच नकाशे काढले. प्रत्यक्ष आस्तोर्गाला आला तेव्हा ते इथे शोभत नाहीत असं त्याला वाटलं, आणि त्याने ते बदलले. पैसा सरकारी, त्यामुळे माद्रिदच्या मंजुऱ्या, दुरुस्त्या, पत्रव्यवहार. १८८९ मध्ये काम सुरू झालं. ग्राऊ होते तोवर निभावलं. १८९३ मध्ये ते वारले, धर्मपीठाच्या मंडळींशी गाउदीचं बिनसलं, आणि तो काम सोडून निघून गेला. छप्पर चढायचं राहिलंच होतं. पुढे बरीच वर्षं वाडा तसाच पडून. शेवटी रिकार्दो गार्सिया गेरेता या वास्तुकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पुरा केला, आणि छप्पर त्याने आपल्या पद्धतीने घातलं.

ते कळतं. लांबून पाहिलं तर वाडा मला खेळण्यातल्या किल्ल्यासारखा वाटला, वरचा भाग विशेषकरून. पण दारासमोरच्या कमानी पाहा. बाहेरच्या अंगाला फाकत गेलेल्या तीन प्रचंड कमानी, बांधताना कोसळल्या होत्या असं सांगतात. तिथे गाउदी भेटतो. आणि आत गेल्यावर तर भेटतोच. कमानींच्या फासळ्यांवर जवळच्या हिमेनेस दे हामुस गावच्या कुंभारांनी भाजलेल्या चकाकत्या विटा आहेत. भोवतीचा खंदकही शोभेचा नाही, त्यातून तळघराला उजेड आणि वारा मिळतो. त्या उजेडात आता रोमन काळातले कोरीव दगड मांडलेत.

एवढ्या खटाटोपानंतर बिशप तिथे कधी राहायला आलेच नाहीत. स्पेनच्या यादवी युद्धात वाडा फालांखे या फॅसिस्ट संघटनेच्या ताब्यात होता. १९६०च्या दशकापासून तिथे यात्रामार्गांचं संग्रहालय आहे. यात्रेकरूंची खूण म्हणून शिंपले लावलेले, काठी घेतलेले संत सांतियागोचे पुतळे खोल्याखोल्यांतून उभे आहेत, आणि त्यांच्यामधून आमच्यासारखे धुळीने भरलेले लोक फिरत असतात. बिशपपेक्षा हे भाडेकरू बरे, असं माझं मत. बहिणीला ते पटलं नाही. ज्या माणसाने हट्टाने वाडा बांधवला त्याला एक रात्रही तिथे झोपता आलं नाही, याचंच तिला वाईट वाटत होतं.

छपरासाठी म्हणून केलेले जस्ताचे देवदूत खाली बागेत उभे आहेत. त्यांच्याजवळ बसून आम्ही बूट काढले आणि जेवायला कुठे जायचं यावर वाद घातला. आस्तोर्गाचा कोसिदो हा मांस-चण्यांचा बेत उलटा वाढतात, आधी मांस, मग चणे आणि भाजी, शेवटी सूप. बहीण माळकरी. तिने फक्त मधली पायरी मागितली, आणि वाढणाऱ्या बाईंनी काही न विचारता चण्यांचं ताट भरून आणलं. त्या चण्यांनाही मांसाचाच रस्सा असतो हे शेजारच्या टेबलावरच्या यात्रेकरूने सांगितलं तेव्हा ताट माझ्याकडे सरकलं, आणि तिने गावचा प्रसिद्ध छोटा केक, मांतेकादा, मागवला. त्यातही चरबी असू शकते म्हणे. शेवटी फळं आणि पाव.