पुण्याची टोपी आणि १५५ रॉड

२८ मार्च २०२५, शुक्रवार

शुक्रवार हा आमचा सुट्टीचा वार, म्हणून स्टॉक मोजायला हाच दिवस धरला. रबाळे एमआयडीसीतला आमचा पितळी पार्ट बनवणारा गाळा एवढा शांत मी आठ वर्षांत पाहिला नव्हता. शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याचा कॉम्प्रेसर तेवढा अधूनमधून फुसफुसत होता.

१ एप्रिलपासून हिशेब आणि स्टॉक दोन्हींसाठी नवं सॉफ्टवेअर. आजवर हिशेब टॅलीत, स्टोअर एक्सेलमध्ये आणि उरलेली सगळी कंपनी स्टोअरच्या काकांच्या लाल डायरीत. ते मुळात ऑपरेटर. बोटाला लागल्यावर स्टोअरला आले आणि तिथलेच झाले.

एक्सेलमध्ये २,३०० ओळी होत्या. १७ मिलिमीटरचा पितळी हेक्स रॉड त्यात चार नावांनी सापडला: ‘हेक्स १७’, ‘१७ एमएम हेक्स’, ‘ब्रास षटकोनी १७’ आणि नुसतंच ‘सतरा’. चौघांपुढे चार वेगळे आकडे, एकापुढे तर उणे ४०. उणे चाळीस रॉड कुठल्या रॅकवर ठेवतात ते काकांना विचारलं, तर म्हणाले, “ते तुमच्या ऑफिसात असतील.”

घासूनपुसून ८६० आयटम उरले. तयार मालाला, म्हणजे पितळी टोप्या आणि बाकीच्या पार्टना, मी ड्रॉइंग नंबरवरून कोड दिले. पण गाळ्यात ड्रॉइंग नंबर कुणाच्याच तोंडी नाही. तिथे ‘बारकी टोपी’, ‘बिनभोकाची टोपी’ आणि ‘पुण्याची टोपी’ असते. शेवटची पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला जाते. टेम्पो सुटला की काका दर वेळी म्हणणार, “घातली बघा पुण्याला टोपी!” आणि लोडिंगची पोरं दर वेळी हसणार. सॉफ्टवेअरमध्ये ‘दुसरे नाव’ असा एक रकाना निघाला. त्यात हे सगळं भरलं.

३० मार्च, पाडवा

सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे, मग हार कुणाला घालायचा? सरांनी तो मॉनिटरला घातला. झेंडूच्या पाकळ्या अजून कीबोर्डमधून निघताहेत. श्रीखंड छान होतं.

१ एप्रिल, मंगळवार

कालच्या ईदमुळे दोन ऑपरेटर सुट्टीवर, तरी दिवस भरगच्च गेला. आम्ही रॉड घेतो किलोवर, मशीनला देतो नगावर, आणि त्यातून निघणारा भुसा (आमच्याकडे त्याला बोरिंग म्हणतात) परत जातो किलोवर. इम्प्लिमेंटेशनला आलेल्या मुलाला हे तीनदा सांगितलं. तो भला आहे, पण त्याचं एक पालुपद आहे: “मॅडम, सिस्टीममध्ये असं होत नाही.”

बोरिंगचं त्याला पटेपर्यंत दुपार झाली. त्याला वाटत होतं, भुसा म्हणजे कचरा. आमच्याकडे दांड्यातलं जवळजवळ निम्मं पितळ बोरिंग होऊन मिलला परत जातं आणि पुन्हा दांडा बनून येतं. त्याचा भाव धरला नाही तर प्रत्येक टोपी तोट्यात दिसेल. जीएसटीतही एकाच पितळेचे तीन अवतार आहेत: दांडा ७४०७, भंगार ७४०४ आणि आमची टोपी ७४१९. हे एचएसएन कोड मला आता झोपेतही पाठ आहेत.

संध्याकाळी सर म्हणाले, कालच्या तारखेने एक एंट्री टाक. म्हटलं, टाकते, पण आज टाकली हे त्यात दिसणार. हे काही नव्या सॉफ्टवेअरचं खूळ नाही, कंपन्यांना एप्रिल २०२३ पासून हिशेबात बदलांची नोंद ठेवावीच लागते. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो नियम मीच काढलाय.

९ एप्रिल, बुधवार

आजचं नीट लिहून ठेवायला हवं.

पुण्याची ऑर्डर आली, १०,००० नग. मी ऐटीत वर्क ऑर्डर काढली. सॉफ्टवेअरने एका क्षणात सांगितलं: १७ हेक्स, ९१५ किलो. प्रिंट घेऊन स्टोअरला गेले. काकांनी कागद हातातही घेतला नाही. “पुण्याची दहा हजार ना? एकशे पंचावन्न रॉड.”

परत येऊन कॅलक्युलेटर काढला. तीन मीटरचा रॉड ६.३८ किलोचा, म्हणजे १५५ रॉडचे ९८९ किलो. ९१५ कुठे आणि ९८९ कुठे! चौऱ्याहत्तर किलो पितळ. मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता. तो मी इथे लिहीत नाही, पण आला होता.

पुन्हा खाली गेले आणि विचारलं, “काका, एकशे पंचावन्न कसे?” त्यांनी मला मशीनपाशी नेलं. टोपी ४० मिलिमीटर, कटिंग टूल खातं ३, म्हणजे एका नगाला ४३. ३,००० भागिले ४३, एकोणसत्तर नग. इथवर माझंही बरोबर होतं. “पण शेवटी रॉडला धरणार कोण?” चकमध्ये (मशीनच्या रॉड धरणाऱ्या जबड्यात) अडकलेला उरलेला तुकडा त्यांनी काढून माझ्या हातावर ठेवला. वीतभरही नव्हता, पण हाताला चांगला जड लागला आणि अजून कोमट होता. तेवढा कापता येत नाही. म्हणून रॉडला नग सहासष्ट. दहा हजारांना १५२ रॉड, आणि तीन सेटिंगला, कारण पहिले काही नग मापात येईपर्यंत फुकट जातात.

डायरीत हा हिशेब कुठेच नाही. तिथे नुसतं लिहिलंय: ‘पुणे १०,००० – १५५’.

हा घोळ सॉफ्टवेअरचा नाही, माझा आहे. बीओएममधलं (कुठल्या पार्टला किती माल लागतो, त्या यादीतलं) प्रत्येक वजन मी फेब्रुवारीत ड्रॉइंगवरून, सूत्राने, एसीत बसून काढलं. तीनशेच्या वर पार्ट. काका वीस पावलांवर होते, आणि एकदाही त्यांना विचारावंसं वाटलं नाही. उलट डेटा वेळेच्या आधी दिला म्हणून सरांकडून शाबासकी घेतली होती.

इम्प्लिमेंटेशनच्या त्या पोराला फोन केला. म्हणाला, वेस्टेजची टक्केवारी टाका ना सरसकट आठ. सरसकट कशी टाकू? लांब पार्टला तुकडा वेगळा उरतो, आखूडला वेगळा. शेवटी ठरलं ते असं: रोज जेवणानंतर अर्धा तास काका डायरी घेऊन माझ्या टेबलापाशी बसणार, दिवसाला पंधरा पार्ट. आज पहिले पंधरा झाले. मध्येच ते स्क्रीनकडे बघून म्हणाले, “एवढं सगळं सांगितल्यावर मला ठेवणार ना?” म्हणाले हसत, पण माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, “काका, काहीतरीच काय!” सरांशी याविषयी बोललेली नसताना म्हटलं.

त्या तुकड्यालाही आयटम कोड दिला, कारण तोही वजनावर परत जातो. काकांना विचारलं, याला काय म्हणता? “शेपूट.” दुसऱ्या नावाच्या रकान्यात शेपूट टाकलं.

परतीच्या गाडीत ऐरोलीला खिडकी मिळाली. दिघा गाव गेल्यावर आठवलं, प्लेटिंगहून (मुलामा चढवून) आलेल्या लॉटचं चलान जुळत नाहीये. गेले ५,००० आणि आले ४,९४०. आधी डायरीत नेहमी ‘५,००० पोचले’ असंच असायचं. म्हणजे इतकी वर्षं खरंच पोचायचे की कुणी मोजतच नव्हतं, ते उद्या काकांनाच विचारते. प्लेटिंगवाल्याला फोन त्यानंतर.